बळाचं खातं

बळ ही एकच वस्तू असते आणि ती माणसाला एकतर असते किंवा नसते, असा माझा साठ वर्षे समज होता. मला ती नाही हे लहानपणीच ठरून गेलं. त्यामुळे पुढे त्या बाबतीत काही करण्याची जबाबदारी उरली नाही. वास्तविक गावोगाव मारुती स्थापून लोकांना बलोपासनेला लावणाऱ्या समर्थ रामदासांचं जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. पण मी दर शनिवारी तेल घातलं ते मारुतीला. स्वतःच्या अंगाला तेल चोपडून आखाड्यात उतरण्याचा योग काही आला नाही. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला, तेव्हासुद्धा जागचा न हलता मला नवा जिल्हा मिळाला. एकूण माझ्या आयुष्यातल्या हालचाली या अशाच. नोकरी हिशेबनिसाची. पस्तीस वर्षांत उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे खतावणी.

तरीही बरं चाललं होतं. मग गेल्या पावसाळ्यात आमची ही न्हाणीघरात घसरून पडली.

हाड मोडलं नव्हतं, पण ते नंतर कळलं. त्या क्षणी ती ओल्या फरशीवर बसलेली आणि मी दारात उभा.

"अहो, काखेत हात घाला," ती म्हणाली. घातले.

"आता उचला."

इथे घोडं अडलं. दोनदा जोर केला. तिसऱ्या खेपेला मीच तिच्या शेजारी बसलो. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण इतका वेळ एकमेकांजवळ गप्प बसण्याचा प्रसंग पहिलाच. शेवटी समोरच्या मामांना हाक मारली. मामांनी मोंढ्यात उभा जन्म हमाली केली. वयानं माझ्याहून दोन वर्षं मोठेच. ते कमरेत न वाकता गुडघ्यात बसले, "ताई, गळ्याला हात टाका," म्हणाले आणि रिकामं पोतं उचलावं तशी त्यांनी तिला उभी केली. (ही उपमा मी घरात अजून सांगितलेली नाही.)

"मामा, केवढी ही ताकद!" मी म्हणालो.

"ताकद नाई सायेब, सवय हाये."

त्या रात्री मला झोप आली नाही. बायको पडली याचं दुःख होतंच. पण ती पुन्हा पडली आणि मामा गावाला गेलेले असले तर?

चिरंजीव पुण्यात पैसे भरून घाम गाळतात. त्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं, की बळ एक नसतं. सगळा जोर एकदाच लावून जास्तीत जास्त वजन उचलायचं, ते एक. तोच जोर निमिषात लावायचा, ते दुसरं. बेताचं ओझं न थकता पुन्हा पुन्हा वाहायचं, ते तिसरं. आणि काही न हलवता नुसतं धरून ठेवायचं, ते चौथं. मला एकदम २०१८ची महाराष्ट्र केसरी आठवली. आमच्या जालन्यातच झाली. बाला रफिक शेखने अभिजित कटकेवर मात करून गदा मिळवली, तेव्हा ही चारही बळं एकाच मातीत... चुकलो, एकाच मॅटवर दिसली असणार. मी तेव्हा फक्त कुणाचे दंड मोठे एवढंच पाहिलं.

आणि घरात? २०१२-१३च्या दुष्काळात टँकर गल्लीच्या तोंडाशी यायचा. दोन हातांत दोन कळशा घेऊन ही जिना चढायची. तो तिसऱ्या आणि चौथ्या बळाचा रोजचा सराव होता. मी वर उभा राहून कळशा मोजायचो. हिशेब चोख होता.

दुसऱ्या दिवशी मामांची शिकवणी लावली. "पहिल्याच दिवशी पोतं उचलाल तर पोतंच तुमाला उचलून आपटील," हा पहिला धडा. म्हणून दहा उठाबशा. शाळेत ज्या शिक्षा म्हणून काढल्या, त्याच आता औषध म्हणून. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. जिना चढताना एक वेळ चाले, पण उतरताना मारुतीचं नाव तोंडी येई.

मग अर्धी बादली घेऊन उठाबशा, मग भरलेली. महिन्याभरात बादली हलकी वाटू लागली, पण दंड-मांड्या होत्या तेवढ्याच! चिरंजीवांना विचारलं. तर म्हणे, आधी मेंदू शिकतो. स्नायूंतले जे तंतू आजवर डुलक्या काढत होते, त्यांना तो एका वेळी कामाला लावतो. हे मला लगेच पटलं. आमच्या कचेरीतही साहेब फिरकले की माणसं न वाढता काम वाढत असे. तंतू जाड होतात ते पुढच्या काही आठवड्यांत, आणि तेही दोन सरावांमधल्या विश्रांतीत. नवी भरती जवळजवळ नाहीच, आहेत तेच कर्मचारी अंग धरतात! साठीनंतरही हा कारभार चालतो. फक्त थोडा सावकाश. आणि सराव सोडला की वाढवलेलं सगळं हळूहळू काढूनही घेतलं जातं.

तेव्हा उमगलं, की शरीर हे माझ्यापेक्षा चोख हिशेबनीस आहे. जे रोज मागाल तेच ते देतं, वर एक पैसा नाही. मामांनी पोती मागितली, हिनं कळशा मागितल्या. मी पस्तीस वर्षं खुर्ची मागितली, आणि शरीरानं इमानेइतबारे मला खुर्चीसाठी घडवलं. दोष त्याचा नव्हता.

चार महिन्यांनी, परवा, ही आपण होऊन फरशीवर बसली.

"उचला बघू."

मी मामांसारखा गुडघ्यात बसलो, तिचे हात गळ्यात घेतले, श्वास सोडला आणि उठलो. ती उभी होती! मीही!

"बघितलंस?" मी धापा टाकत म्हणालो.

"बघितलं हो," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मधेच तिनं पायांना थोडा जोर दिला असावा, असा मला दाट संशय आहे. पण विचारलं नाही. गेली अडतीस वर्षं ती तो देतच आली आहे. हिशेबात धरायचा मात्र माझ्याकडून राहून गेला होता.