सफरचंदाची बिस्किटं आणि बिनफराळाची दिवाळी

ऑक्टोबर उजाडला की इंटरनेटवर सगळीकडे 'ऑटम' सुरू होतो. लालपिवळी पानं, लोकरीचे मोजे, वाफाळता कॉफीचा मग आणि शेजारी जाळीवर गार होत असलेल्या सफरचंदाच्या कुकीज. दिसायला एकदम सॉल्लिड! फक्त ते फोटो बघताना आपण सिग्नलला स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, ऑक्टोबर हीटमध्ये घामाघूम झालेले असतो. आपला शरद म्हणजे कोजागरीचं मसाला दूध, धुतल्यासारखं आकाश आणि दुपारी डोकं उठवणारं ऊन. पानगळ बघायची तर शिशिरापर्यंत थांबा. आणि लोकरीचे मोजे? पुण्यात? जाऊ दे.

एका बाबतीत मात्र हा ऑटम आपल्याकडे खरंच येतो, आणि तो ट्रकमधून येतो. हिमाचलची सफरचंदं जुलै-ऑगस्टपासून आणि काश्मीरची सप्टेंबरपासून मार्केट यार्डात उतरायला लागतात. एरवी वर्षभर मिळणारी सफरचंदं शीतगृहातली नाहीतर स्टिकर लावून परदेशातून आलेली. ऑक्टोबरमध्ये हातगाडीवर असतात ती खरी ताजी, थोडी वेडीवाकडी, देठाशी हिरवट आणि चावली की 'कट्' असा आवाज करणारी. या दिवसांत घरात सफरचंदाच्या कुकीज करणं हे म्हणूनच अगदीच परदेशी खूळ नाही.

मला हे खूळ लागलं ते कामामुळे. मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे मास कॉमची डिग्री, एक लॅपटॉप आणि 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य दर महिन्याला नव्याने ऐकायची ताकद. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये एका वेबसाइटला 'फॉल बेकिंग'वर सहाशे शब्द हवे होते. विषय सोपा होता. पण आमच्या घरात त्या वर्षी सफरचंद हा शब्द सोपा राहिला नव्हता.

जुलैमध्ये आजी गेली. त्याआधीचे दोन महिने ती अंथरुणाला खिळून होती. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना काय नेतात, ते मी सांगायला नको. येणारा प्रत्येकजण एक किलो सफरचंदं घेऊन यायचा. फ्रिज भरला, टोपली भरली, डायनिंग टेबलवर पिशव्या साठल्या. आजीला दात नव्हते. आई सफरचंद मधोमध कापायची आणि चमच्याने खरवडून तो गर तिला भरवायची, लहान बाळाला भरवतात तसा. शेवटच्या आठवड्यात तेही थांबलं. आजी गेल्यावर आईने उरलेली सगळी सफरचंदं वॉचमनला देऊन टाकली. त्यानंतर तिने ती आणली नाहीत आणि आम्हीही नाही.

मग आली दिवाळी. ज्यांच्या घरात माणूस गेलंय, त्यांच्याकडे वर्षभर सण नसतो. कंदील नाही, तळण नाही, फराळ नाही. आमचं घर काही फार कर्मठ नाही, पण बाबा म्हणाले, "यंदा नको." त्यावर कोणी काही बोललं नाही.

आता आईची अडचण ऐका. ती बँकेत नोकरी करते. लग्न झाल्यापासून दर दिवाळीच्या आधी ती दोन दिवस रजा टाकते, फराळासाठी. ही रजा ती जूनमध्येच टाकून ठेवते, कारण नंतर सगळ्यांनाच हवी असते. २०२४मध्येही टाकली होती आणि ती मंजूरही झाली होती. त्यामुळे वसुबारसेच्या आदल्या शनिवारपासून आई घरात होती आणि तिला करायला काहीही नव्हतं. तिने माळा आवरला. मग गॅसची शेगडी घासली. मग परत माळा आवरला.

खरं तर फराळाचं राज्य आजीचं होतं. चकलीची भाजणी किती भाजायची, अनारशाचं पीठ कधी काढायचं, हे सगळं आजी ठरवायची आणि आई करायची. एकतीस वर्षं दोघी एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांचं गूळपीठ होतं असं मी म्हणणार नाही. "आईंना माझं काही पटेल तर ना!" हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. त्या दोन दिवसांत मात्र आई स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी राहायची आणि परत बाहेर यायची. कोणाशी वाद घालायचा, हेच तिला कळत नव्हतं बहुतेक.

आणि त्यात डबे यायला लागले. ज्यांच्याकडे सण नसतो त्यांच्याकडे शेजारपाजारचे फराळ पोचवतात. ही आपल्याकडची एक फार छान पद्धत आहे, पण ती किती छान आहे ते स्वतःवर वेळ आल्याशिवाय कळत नाही. समोरच्या काकूंचा चिवडा आला. वरच्या मजल्यावरच्या मावशींचे बेसनाचे लाडू आले. खालच्या जिममध्ये ट्रेनर असलेल्या मुलाने चक्क विकतच्या शंकरपाळ्यांचं पाकीट आणून दिलं आणि लाजून पळाला. सोमवारपर्यंत ओट्यावर सात डबे झाले.

"हे डबे परत कसे द्यायचे गं?" आई म्हणाली.

प्रश्न वरवर साधा आहे. पण आपल्याकडे डबा रिकामा परत द्यायचा नसतो. दिवाळीत चिवड्याच्या डब्यात चकली जाते, लाडवाच्या डब्यात करंजी. आमच्याकडे त्यात घालायला काहीच नव्हतं. चिमूटभर साखर घालून देता येते, पण सात डब्यांतून साखर पाठवायची ही कल्पना आईला सहन होईना.

तेव्हा मी माझ्या सहाशे शब्दांचं सांगितलं. ओव्हनमध्ये भाजायचं, म्हणजे तळण नाही. फराळात कुठेच बसत नाही, म्हणजे सणाचं नाही. "बिस्किटंच आहेत, आई. बिस्किटांना कसलं सुतक?"

"कसली बिस्किटं?"

"सफरचंदाची."

ती काही बोलली नाही. संध्याकाळी भाजी घेऊन आली तेव्हा पिशवीत दोन किलो सफरचंदं होती.

इथे सफरचंदाबद्दल थोडं सांगायलाच हवं. परदेशी रेसिपीत जे सफरचंद धरलेलं असतं ते बहुधा आंबट आणि घट्ट असतं, भाजल्यावरही तुकडा टिकवून धरणारं. आपल्या हातगाडीवरचं असतं रॉयल डिलिशस किंवा त्याचं एखादं भावंडं. ते गोड असतं, आंबटपणा कमी आणि भाजल्यावर पटकन मऊ पडणारं. गंमत म्हणजे तेही मूळचं अमेरिकनच. फिलाडेल्फियाच्या एका सधन घरातला सॅम्युएल स्टोक्स नावाचा तरुण १९०४मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा करायला भारतात आला, शिमल्याजवळच्या कोटगढला स्थायिक झाला आणि १९१६च्या सुमारास त्याने तिथे डिलिशस जातीची सफरचंदं लावली. पुढे हा माणूस असहकार चळवळीत तुरुंगात गेला आणि नंतर हिंदू होऊन त्याने सत्यानंद असं नाव घेतलं. हिमाचलच्या सफरचंदाच्या धंद्याचा पाया त्याच्या बागेने घातला. म्हणजे आपण 'आपलं' म्हणून जे फळ आजाऱ्याच्या उशाशी ठेवतो, त्याचंही असं स्थलांतर झालेलं आहे.

बेकिंगमधला मुख्य मुद्दा आहे पाण्याचा. सफरचंदात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कच्चा कीस पिठात घातला की ते पाणी ओव्हनमध्ये सुटतं आणि कुकीचा छोटा केक होतो. म्हणून कीस आधी कढईत आटवून घ्यायचा. त्यात लिंबू पिळलं की डिलिशसमध्ये कमी असलेला आंबटपणा भरून निघतो आणि सोड्यालाही काम मिळतं.

मंगळवारी सकाळी कीस कढईत पडला. आई म्हणाली, "गाजरहलव्यासारखं दिसतंय." मग ती ओट्यापाशी आली. मग तिने माझ्या हातातून उलथणं घेतलं. पुढचं तुम्हाला माहीत आहेच, सगळ्यांच्या घरी असंच होतं. बटर फ्रिजमध्ये परत गेलं आणि घरचं तूप बाहेर आलं. ब्राउन शुगरच्या जागी गूळ आला. दालचिनीचा वास घेऊन तिने नाक मुरडलं, निम्मीच घातली आणि वर जायफळ किसलं.

"आईंनी जायफळच घातलं असतं," ती म्हणाली. जुलैनंतर स्वयंपाकघरात आजीचं नाव तिने पहिल्यांदाच काढलं होतं.

आणि मग ती बोलतच राहिली. आजी दर दिवाळीला नानकटाई करवून आणायला पेठेतल्या बेकरीत जायची, ते मला माहीत होतं. मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घरून न्यायचं, बेकरीवाला ते भट्टीत भाजून द्यायचा आणि मजुरी किलोवर घ्यायचा. पण आजी तिथे स्टूल टाकून बसायची, हे मला नवीन होतं. आपल्या साजूक तुपाच्या जागी कोणी डालडा घालू नये म्हणून! लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिने नव्या सुनेलाही बरोबर नेलं होतं. भट्टीसमोर दोन तास बसवलं आणि येताना रिक्षात गरम डब्यातली पहिली नानकटाई सुनेच्या हातावर ठेवली. "घरी गेल्यावर मात्र म्हणाल्या, तूप जरा जास्तच नेलंस." हे सांगताना आई हसत होती, आणि मग हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. मी कुकीजचे गोळे वळत राहिले. त्या क्षणी काय बोलायचं ते मास कॉममध्ये शिकवत नाहीत.

दुपारपर्यंत तीन ट्रे झाले. घरभर तूप, गूळ आणि सफरचंदाचा वास होता. बाबा बाहेरून आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "कसला वास येतोय?" आई म्हणाली, "बिस्किटं केलीत. सणाचं काही नाही." बाबांनी दोन खाल्ली, मग हळूच तिसरी उचलली.

सात डबे भरून परत गेले. समोरच्या काकूंनी झाकण उघडलं, आईकडे पाहिलं आणि फक्त म्हणाल्या, "तुम्ही केलंत ना काहीतरी, बरं वाटलं." माझे सहाशे शब्दही वेळेत गेले, पण त्यात यातलं काहीच नव्हतं. त्यांना फक्त कृती हवी होती.

सण न करण्याची पद्धत जुनाट वाटते का? मला आधी वाटायची. आता वाटतं, ऑफिसातून तीन दिवसांची रजा घेऊन चौथ्या दिवशी मेलला रिप्लाय देणाऱ्या आपल्यासारख्यांना दुःखासाठी एवढी लांब मुदत दुसरं कोण देतं? फक्त त्या मुदतीत हातांना काहीतरी काम हवं. नुसतं बसून राहणं फार अवघड असतं.

२०२५च्या दिवाळीत आमच्याकडे पुन्हा कढई चढली. भाजणी किती भाजायची यावर आता आई आणि मी वाद घालतो. चकली, शेव, अनारसे, सगळं झालं, आणि शेवटच्या दिवशी मी काही म्हणायच्या आत आईने विचारलं, "सफरचंदं आणलीस का?"

करून बघा

साहित्य (२२ ते २४ कुकीज) : २ मध्यम सफरचंदं, १ चमचा लिंबाचा रस, १०० ग्रॅम थिजलेलं तूप, १२० ग्रॅम चिरलेला किंवा पावडर गूळ, १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम ओट्स, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, पाव चमचा दालचिनी पूड, थोडं जायफळ, चिमूटभर मीठ.

कृती : सफरचंदं सालासकट किसा. चमचाभर तुपावर लिंबाचा रस घालून १० ते १२ मिनिटं, पाणी आटेपर्यंत परता आणि पूर्ण गार करा. तूप आणि गूळ हलकं होईपर्यंत फेसा, त्यात कीस मिसळा. बाकीचं साहित्य एकत्र चाळून घाला (ओट्स चाळू नका!) आणि हलक्या हाताने गोळा करा. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. लिंबाएवढे गोळे वळून थोडे चपटे करा आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर १५ ते १८ मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत भाजा. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, पण घाबरू नका. जाळीवर गार होताना त्या थोड्या घट्ट होतात, तरी आतून मऊच राहतात.

दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. आणि चकलीच्या डब्यात चुकूनही ठेवू नका. सफरचंदाचा ओलावा चकलीला लागतो आणि मग घरात जे होतं, त्याची जबाबदारी आमची नाही.