मांजरेच्या काठी

गेल्या चातुर्मासात नांदेडहून लातूरला जाण्याचा योग आला. निघण्यापूर्वी सकाळी सचखंड गुरुद्वाऱ्यात गेलो होतो. तेथील लंगरात भांडी घासणाऱ्यांमध्ये मालक कोण आणि नोकर कोण, हे ओळखता येत नाही. आम्हा पेढीवाल्यांना आणि बँकवाल्यांना ही गोष्ट पचायला थोडी जड जाते.

लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. दुतर्फा सोयाबीन आणि तूर हिरवीगार होती. नांदेडची गोदावरी आणि लातूरची मांजरा पुढे तेलंगणाच्या सीमेवर एकमेकींना भेटतात. माझ्या मनात मात्र त्या दिवशी केवळ मांजराच होती.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला नोकरीस होतो. मांजरा धरण आटले होते. नळ बंद, टँकर आठ-दहा दिवसांनी एकदा. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचा आदेश निघाला. पाणी गाळून जिवाणी पुन्हा विहिरीत सोडण्याचा आपला परिपाठ. पण शेजारच्या वृद्ध श्राविकाबाईंनी मला विचारले, ‘‘विहिरीतच पाणी नाही, साहेब. जिवाणी सोडायची कुठे?’’ मला उत्तर सुचले नाही.

एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. वाघिणी कोटा येथील कार्यशाळेत वाफेने धुऊन आल्या होत्या, पाणी कृष्णेचे, अंतर सुमारे ३४० किलोमीटर. पहिल्या खेपेस १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणींतून २५ लाख लिटर. लातूरला पोहोचल्यावर ते स्थानकाजवळच्या मोठ्या विहिरीत उतरवून पुढे शुद्धीकरणास न्यावे लागे. या साखळीत रेल्वे होती, दोन्हीकडची प्रशासने होती, पंपावर रात्र काढणारे कामगार होते. एक कडी निसटली असती, तर गाडी मिरजेतच उभी राहिली असती.

आता माझ्या अधिकाराची गोष्ट सांगतो. आमच्या इमारतीत १६ बिऱ्हाडे. सचिव मी. बँकेत सही करण्याची सवय हाताला लागलेली, म्हणून कोणालाही न विचारता पाणीवाटपाची सूचना काढली आणि जिन्यात चिकटवली: टँकर सकाळी ११ वाजता, माणशी दोन घागरी. त्या वेळी नोकरदार घरे कुलूपबंद असत आणि तळमजल्यावरील बाळंतिणीच्या घरालाही तोच हिशेब लागू! तिसऱ्याच दिवशी भांडण जुंपले. अखेर त्याच श्राविकाबाईंनी सर्व गृहिणींना गच्चीवर बोलावले. कोणाकडे तान्हे मूल, कोण आजारी, कोण घरी केव्हा असते, हे एकमेकींना विचारून त्यांनी फळ्यावर पाळ्या लिहिल्या. माझी सूचना कोणी फाडली नाही; तिच्याकडे पाहणेच सर्वांनी सोडून दिले. मला मिळालेले काम एकच, टँकर आला की घंटा वाजवणे. प्रारंभी मला ते अपमानास्पद वाटले, हे कबूल करतो.

शहरानेही त्याच सुमारास असेच काही केले. विवेकानंद रुग्णालयाचे डॉ. अशोक कुकडे यांच्या पुढाकाराने ‘जलयुक्त लातूर’ची समिती उभी राहिली. आर्ट ऑफ लिव्हिंगसारख्या संस्था आल्या, व्यापारी, डॉक्टर, शिक्षक यांनी वर्गणी दिली आणि मांजरेचे १८ किलोमीटरचे पात्र रुंद व खोल करण्याचे काम सुरू झाले. गंजगोलाईतील एरवी भावावरून तोंड न पाहणारे दुकानदार एकाच पावतीपुस्तकावर नावे घालताना मी पाहिले आहेत. त्या वर्षीच्या पावसात ते पात्र भरले. आगगाडी तोवर शंभराहून अधिक खेपा करून थांबली होती.

या वेळी नागझरीच्या बंधाऱ्यावर बराच वेळ बसलो. पाणी गढूळ, पण काठोकाठ. नंतर जुन्या इमारतीत डोकावलो. श्राविकाबाई आता नाहीत. गच्चीच्या दारामागे तो फळा मात्र अजून टांगलेला आहे. पाळ्यांची नावे पुसट झाली आहेत, आणि सर्वांत खाली, त्यांच्याच अक्षरात, ‘घंटा: साहेब’.