बांगडी चढेना तेव्हा

भगिनींनो, पोटुशी बाईचे पाय सुजतात हे मी तुम्हांला नव्याने सांगायला नको. माझ्या पहिल्या खेपेला दिवसभर शेतात राहिले की संध्याकाळी चपलेचा अंगठा रुतायचा, घोट्यावर बोट दाबले तर खळगा पडायचा. रात्री पायांखाली गोधडीची घडी घेऊन डाव्या कुशीवर निजले की सकाळी पाय पहिल्यासारखे. गर्भाच्या भाराने पायांतले रक्त वर चढायला वेळ लागतो, अंगात पाणीही जास्त साठते. एवढे व्हायचेच.

दुसरी खेप २०१७ सालची. सातवा सरत आला होता. गौरीच्या आधी कासारणीकडे बांगड्या भरायला गेले. माझे माप सव्वादोनाचे, पण त्या दिवशी अडीचाची बांगडीही हातात चढेना. कासारीण म्हणाली, "बाई, बाळानं अंग धरलंय!" मीही हसले. सासूबाईंनी माझे मीठ बंद केले. मेडिकलवाल्याकडून लघवीची गोळी आली, तीही डॉक्टरला न विचारता. अळणी भाजी-भाकरी घशाखाली उतरेना, म्हणून जेवण निम्म्यावर आले.

गौरी गेल्या आणि रांगड्या कांद्याची लागण निघाली. एका सकाळी उठले तर चेहराच सुजलेला, डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे काजवे. तरी मी बावळट, कपाळाला फडके बांधून रोपे उपटायला निघाले! वाटेत आशाताई भेटल्या म्हणून बरे. त्यांनी हाताला धरून उपकेंद्रात नेले. सिस्टरने रक्तदाब पाहिला, १५०/१००. लघवीत प्रथिने निघाली. तासाभरात मी तालुक्याच्या वाटेवर होते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावले. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर ती साधी सूज नव्हे. झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. मीठ तोडून वा लघवीची गोळी घेऊन ते थांबत नाही. मीठ बेताचे खावे, पाणी तोडू नये, डाळ, शेंगदाणे, अंडी पोटात जावीत. मी तिथेच राहिले. रक्तदाबाच्या गोळ्या, रोजची तपासणी. तीन आठवडे आधी बाळंत झाले. मुलगी सव्वादोन किलोची, पण रडली खणखणीत.

तेव्हा बायांनो, रात्री झोपूनही सूज उतरली नाही, हात-तोंड एकाएकी सुजले, डोके दुखून अंधारी आली, बरगडीखाली कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. एकच पाय सुजून दुखत असेल तरी त्याच दिवशी दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर मोफत तपासतात. लागण एक दिवस थांबते.

आमच्या सासूबाई आता गावात कुणाची सून पोटुशी दिसली की आधी तिचा हात हातात घेतात आणि बांगडी मागेपुढे सरकते का ते पाहतात.