सुसंस्कृत जनरल आणि बोटीवरचे आजोबा

रिचर्ड कॉनेल या अमेरिकन लेखकाची 'द मोस्ट डेंजरस गेम' ही कथा १९२४ साली 'कॉलिअर्स' साप्ताहिकात आली. रेन्सफर्ड हा नामांकित शिकारी रात्री बोटीवरून पाण्यात पडतो आणि पोहत कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाला लागतो. तिथे राहतो जनरल झारॉफ, झारच्या फौजेतला कोसॅक. पाहुण्याची सरबराई अशी की आपल्याकडच्या जावयालाही हेवा वाटावा. लंडनच्या शिंप्याने शिवलेला स्वतःचा पोशाख देतो, बीटाचे रशियन सूप वाढतो, शॅम्पेन पाजतो. पाहुण्याने लिहिलेले शिकारीचे पुस्तकही त्याने वाचलेले!

आणि हा गृहस्थ माणसांची शिकार करतो. फसवे दिवे लावून जहाजे खडकांवर आणतो, वाचलेल्यांना खाऊपिऊ घालतो आणि सुरी देऊन जंगलात सोडतो. तीन दिवस टिकला तो सुटला. रेन्सफर्डपूर्वी कुणीच टिकलेला नाही.

त्याची संस्कृती हा मुखवटा, असे पुष्कळांना वाटते. मला नाही पटत. नोकर इव्हान मेला, रेन्सफर्डने समुद्रात उडी घेतली, त्या संध्याकाळी जनरल एकटाच झकास जेवतो आणि मार्कस ऑरेलियस वाचत बसतो. सगळी माणसे एकमेकांची नातलग, असे लिहून गेलेला तो रोमन सम्राट! इव्हानबद्दल जनरलला रुखरुख एवढीच, की तसा माणूस पुन्हा मिळणे कठीण. बघायला कुणी नसताना मुखवटा कोण घालील? त्याची वाचनाची गोडी अस्सलच आहे. तेच तर भयंकर.

पण मला ही कथा टोचते ती एका शब्दापाशी. कुणाकुणाला मारले हे सांगताना जनरल जगातला गाळ म्हणून जी यादी देतो, तिच्यात पहिलाच शब्द येतो 'लास्कर'. म्हणजे गोऱ्यांच्या बोटींवरचे आपल्याकडचे खलाशी. जातिवंत घोडा अशा वीस जणांहून मोलाचा, हा त्याचा हिशेब. माझे थोरले आजोबा वेंगुर्ल्याहून मुंबईला गेले आणि अशाच बोटीवर इंजिनात कोळसा टाकू लागले. कथेतल्या लास्करांना नावे नाहीत. रेन्सफर्डही त्यांची विचारत नाही.

आजोबा सुखरूप परत आले. त्यांची पत्र्याची पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे. तिच्या झाकणावर त्यांनी पांढऱ्या रंगाने आपले पूर्ण नाव घातले आहे, वडिलांच्या नावासकट.