वाकणाऱ्या मानेचं गणित

एमआरआयच्या यंत्रात माणूस उताणा, निश्चल पडलेला असतो. त्याच्या मानेतल्या मज्जारज्जूला मात्र दिवसभर उसंत नसते. भाजी निवडताना, चपलेचा बंद लावताना, मोबाइल बघताना मान वाकते आणि तो ताणला जातो. स्थिर चित्र आणि हलती मान यांच्यात नेमकं काय घडतं, ते गणिताने शोधणं हे माझं काम. मी मेकॅनिकल इंजिनीयर आहे आणि दबलेल्या मज्जारज्जूची संगणकीय प्रारूपं तयार करतो.

मानेच्या मणक्यांना मागून धरून ठेवणारा एक लांब अस्थिबंध मज्जारज्जूच्या अगदी पुढ्यात असतो. काहींच्या बाबतीत त्याचंच हळूहळू हाड बनू लागतं. डॉक्टर याला ओपीएलएल म्हणतात. जपानमध्ये १९६० साली त्सुकिमोतो यांनी शवविच्छेदनातून असा एक रुग्ण नोंदवला आणि तिथे या आजाराचा कसून अभ्यास सुरू झाला. आपल्याकडेही असे रुग्ण आढळतात. फसवी गोष्ट अशी, की नस दबली तर कळ येते, पण मज्जारज्जू दबताना पुष्कळदा दुखतच नाही. शर्टाची बटणं लागेनाशी होतात, अक्षर बिघडतं, चालताना तोल जातो. तपासताना डॉक्टर मूठ भराभर वळायला आणि उघडायला सांगतात. निरोगी माणूस दहा सेकंदांत हे वीसहून अधिक वेळा सहज करतो. या रुग्णाची बोटं मध्येच अडखळतात.

मग दाब किती झाला की धोका? कागोशिमा विद्यापीठाच्या मात्सुनागा यांच्या अभ्यासात, मज्जारज्जूसाठी ६ मिलिमीटरहून कमी जागा उरलेल्या सगळ्यांना त्रास होता आणि १४ मिलिमीटर किंवा अधिक जागा असलेल्या कुणालाही नव्हता. मधल्या गटात मात्र जागेवरून काहीच ठरेना. तिथे ज्यांची मान जास्त हलत होती, त्यांना त्रास होता. आमच्या विषयाचा गाभा इथेच आहे.

प्रारूप करताना सीटी स्कॅनमधून हाड आणि एमआरआयमधून मज्जारज्जू घेतो, त्यांचे हजारो बारीक तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचा ताण संगणकाकडून काढून घेतो. पूल किंवा विमानाचा पंख तपासायला वापरतात तीच ही फायनाइट एलिमेंट पद्धत. खरी मेहनत असते ती ऊतींचे गुणधर्म ठरवण्यात. यामागुची विद्यापीठातल्या संशोधकांनी गाई-बैलांच्या मज्जारज्जूवर प्रयोग करून दाखवलं, की आतला करडा भाग बाहेरच्या पांढऱ्या भागापेक्षा ताठ असतो, पण लवकर तुटतो. मज्जारज्जूवरचं पातळ आवरण बरंच चिवट असतं. ते प्रारूपातून वगळलं, तर मज्जारज्जू वाजवीपेक्षा जास्त चेपतो आणि उत्तरच चुकतं.

पडद्यावर हाडाचा उंचवटा समोरून रेटत नेला, की ताण आधी करड्या भागात साठताना दिसतो. दाब तेवढाच ठेवून मान पुढे वाकवली, की मज्जारज्जू लांबतो, उंचवट्यावर आवळला जातो आणि पायांकडे संदेश नेणाऱ्या पांढऱ्या भागातही ताण चढतो. म्हणूनच मज्जारज्जूभोवतीची मणक्यांची नलिका मागून रुंद करणारी लॅमिनोप्लास्टी ही शस्त्रक्रिया सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. चिबा विद्यापीठाच्या फुजियोशी यांनी २००८ साली ‘के-लाइन’ मांडली: दुसऱ्या आणि सातव्या मणक्यापाशी नलिकेचे मध्यबिंदू जोडणारी रेघ. हाड ती रेघ ओलांडून मागे आलं असेल, तर मागची बाजू मोकळी करूनही मज्जारज्जू पुरेसा मागे सरकत नाही. अशा वेळी समोरून शस्त्रक्रिया करावी की मागून मोकळं करून मान स्क्रूंनी स्थिर करावी, हा विचार सर्जनला करावा लागतो.

प्रारूप ताण सांगतं. पेशी कधी मरेल ते सांगत नाही. वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारं हाड आणि तिथला आटणारा रक्तपुरवठा अजून आमच्या गणितात नीट बसलेला नाही. तरीही त्या मधल्या गटातल्या रुग्णासाठी ‘दाब किती’ याच्या जोडीला ‘मान हलते किती’ हे विचारलंच पाहिजे, आणि मान वाकवून व मागे नेऊन काढलेले एक्स-रे पाहिलेच पाहिजेत, असं मी ठामपणे म्हणेन. वाचकांनाही कळकळीने सांगतो: दुखत नसलं तरी बोटं जड पडू लागली, चाल डळमळू लागली, तर मणक्याच्या डॉक्टरकडे जा, आणि तपासणी होईपर्यंत कुणाकडूनही मान कडकन मोडून घेऊ नका.