बारा अंगुळांचा शंकु

आत्मप्रौढी हा दोष खरा. तथापि या वेळीं ती क्षम्य मानावी, अशी वाचकांस विनंति आहे. निवृत्तीनंतर मीं सागवानाचा १२ अंगुळांचा शंकु स्वहस्तें तासून गच्चीवर ओळंब्यानें सरळ उभा केला. विषुवदिनीं मध्याह्नीं अशा शंकूची जी छाया पडते, ती पलभा. पुण्यास ती सुमारें ४ अंगुळें. ही व्याख्या मीं विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षें घोकून घेतली. छाया मात्र कधीं मोजली नव्हती.

गेल्या २० मार्चला घड्याळांत बारा वाजले, आणि पाहतों तों छाया साडेचार अंगुळांहून अधिक! श्रम व्यर्थ गेले असें वाटून मी शंकु उचलूं लागलों. तोंच नातू म्हणाला, "आजोबा, थांबा; ती अजून आखडते आहे." खरेंच! आपलीं घड्याळें ८२॥ अंश रेखांशाचीं. पुण्याचा मध्याह्न त्यांच्या बारांनंतर सुमारें ३५ मिनिटांनीं, आणि मार्चांत सूर्याच्या विषम गतीमुळें आणखी सातांनीं होतो. पाऊण वाजण्याच्या सुमारास छाया चारांवर येऊन टेकली.

शंकूचा अभिमान वाटतोच. परंतु माझ्या घाईपासून तो ज्यानें वाचविला, त्या नातवाचा अधिक वाटतो.