रात्रपाळी

आमचा थोरला पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत तो घरी आला नि माडीवर बसून काम करू लागला. गावकरी म्हणत, "खुर्चीत बसून पगार! मजा आहे बुवा." पण न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होऊन गेलेली असते. तिथून पुढे याचं काम. शेतीची वीज रात्री आली की मी उसाला पाणी द्यायला निघे. माडीवर दिवा जळतच असे. मला विजेची वेळ पाळावी लागते, त्याला साहेबाच्या देशाची. मंडळी, पोराला पगार विचारा, पण झोप झाली का, पाठ दुखते का, हेही विचारा. बैलांनासुद्धा दुपारी औत सोडून आपण विसावा देतोच की!